सुई वर गेली म्हणजे ग्लायडर वर गेला का?

मागच्या अंकात घारींबद्दल लिहिताना ग्लायडरमधल्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातल्या, व्हेरिओमीटरचा ओझरता उल्लेख केला होता. उंची किती वेगानं वाढते किंवा घटते ते दाखवणारं यंत्र, एवढंच म्हटलं होतं. त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंत पत्रं आली. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. डायल, नळ्या आणि सुया यांतच नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर ग्लायडरवाल्यांच्या यंत्रांचंही काम थोडंफार केलं. तेव्हा संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला यात नवल नाही. यातली बरीचशी पत्रं फिरून एकाच ठिकाणी येतात. सुई सहसा खोटं बोलत नाही, पण ती काठीबद्दल (म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या, ग्लायडरचं नाक वर-खाली करणाऱ्या दांड्याबद्दल) बोलतेय, हवेबद्दल बोलतेय की ग्लायडरबद्दल, हे आपल्याला ठाऊक असावं लागतं.

निपाणीहून एक वाचक: माझा भाचा हडपसरला ग्लायडिंग शिकतो. काठी मागे ओढली की सुई झटकन वर जाते, पण त्याचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, ‘हा काठीचा थर्मल, याला भुलू नको.’ थर्मल म्हणजे उन्हानं तापून वर चढणारी हवा, एवढं मला ठाऊक आहे. सुई वर गेली म्हणजे ग्लायडर वर गेलाच ना? मग भुलायचं काय त्यात?

मामा, ग्लायडर वर गेला हे शंभर टक्के खरं. प्रश्न आहे तो कुणी नेला याचा. बेळगावला कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर सायकल घेऊन या. लांबून जोर लावून वेग घेतला आणि चढ सुरू झाल्यावर पाय थांबवले, तरी सायकल बरीच वर चढते. तो चढ वेगाच्या बदल्यात मिळालेला असतो, आणि वर पोचेपर्यंत वेग संपलेला असतो. काठी मागे ओढल्यावर ग्लायडरचं हेच होतं.

आकड्यात बघा. ताशी १४० किलोमीटर वेगात जी ऊर्जा आहे तिची उंची केली तर साधारण ७७ मीटर होते. ताशी १०० ला ती ३९ च्या आसपास उरते. म्हणजे १४० वरून १०० वर येताना भाच्याला सुमारे ३८ मीटर फुकट मिळाल्यासारखे वाटतात. हे सहा-सात सेकंदांत झालं, तर साधा व्हेरिओ सेकंदाला पाच मीटर चढ दाखवणार. पोरगं खूश होणार, वळण घेणार, आणि तिथं काहीच नसणार. पुन्हा वेग धरायला नाक खाली घातलं की ते ३८ मीटर गेले, शिवाय वळणात गेली ती उंची वेगळीच.

यावर तोडगा म्हणजे टोटल एनर्जी व्हेरिओ, उंची आणि वेग यांची मिळून ऊर्जा बघणारा. नाव भारदस्त आहे, करामत मात्र एका वाकड्या नळीची आहे. ग्लायडरच्या शेपटीच्या उभ्या पंखावर पुढं आलेली बोटापेक्षा बारीक नळी दिसते ना, तीच. तिच्या टोकाजवळ मागच्या बाजूला बारीक छिद्रं असतात आणि वारा लागला की तिथं ओढ तयार होते. नळीचा आकार असा बसवलेला असतो, की वेगामुळे जितका दाब पुढून पडतो तितकीच ओढ या छिद्रांत निर्माण व्हावी. आता काठी मागे घ्या. उंची वाढली म्हणून बाहेरचा दाब कमी झाला, पण वेग उतरला म्हणून ओढही कमी झाली. दोन्ही एकमेकांना कापतात आणि सुई जागची हलत नाही. ती हलते ती हवेनं खरोखर काही दिलं किंवा नेलं तरच.

भाच्याला सांगा, बसण्याआधी विचार: या ग्लायडरचा व्हेरिओ कॉम्पेन्सेटेड, म्हणजे वेगाची अशी भरपाई करणारा, आहे का? जुन्या शिकाऊ ग्लायडरांत तो असेलच असं नाही. असेल तर खात्री करायची रीत सोपी आहे. सकाळची शांत हवा बघायची, वेग १४० पर्यंत न्यायचा, मग काठी हळूहळू मागे घेऊन ९० वर यायचं. सुई त्या-त्या वेगाच्या नेहमीच्या घसरणीवर राहिली तर काम चोख आहे. ती वर उसळली तर भरपाई कमी पडते, आणि उलट खाली गेली तर जास्त होते.

पण टोटल एनर्जी आली म्हणून सगळे भ्रम संपले असंही नाही. समोरून अचानक वाऱ्याचा झोत आला तर काठी न हलवताही वेगाचा काटा पुढं जातो. ताशी १०० चा ११० झाला तरी ऊर्जेच्या हिशेबात आठेक मीटर वाढले, आणि हे दोन सेकंदांत झालं तर सुई सेकंदाला चार मीटर चढ दाखवून मोकळी. म्हणून मुरलेले वैमानिक सुईबरोबर बुडाखालच्या धक्क्याकडेही लक्ष देतात. खरा थर्मल सीटमधून आधी कळतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. व्हेरिओ वेड्यासारखं दाखवू लागला, की लोक आधी डायल उघडा म्हणतात. मी आधी नळी बघतो. झाकण न घालता ग्लायडर चार दिवस उभा राहिला की कुंभारमाशी त्या नळीत मातीचं घर बांधते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तर हमखास. दुसरा गुन्हेगार म्हणजे आतली प्लास्टिकची नळी. उन्हानं ती ताठ होते आणि जोडापाशी केसाएवढी चीर पडते. ही चीर डोळ्याला दिसत नाही, नळी हातात घेऊन जोडाजवळ वाकवली तर उघडते. गळती असलेला व्हेरिओ सरळ संथ उडताना शहाण्यासारखा वागतो आणि वेग बदलला की लबाडी करतो. नवा व्हेरिओ घ्यायला निघालेल्या माणसाचे पैसे अशी नळी बदलून वाचतात.

खानापूरची विद्यार्थिनी, बी.एस्सी.: यूट्यूबवर एकानं ग्लायडरचं पॅनेल मागून दाखवलं. व्हेरिओला चक्क थर्मास जोडलेला! विनोद होता का?

विनोद नाही ग, खराच थर्मास. साधारण अर्धा लिटरचा, थोडा कमीच. व्हेरिओच्या एका बाजूला ही बाटली असते आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा दाब. ग्लायडर वर जातो तसा बाहेरचा दाब उतरतो आणि बाटलीतली हवा बाहेर धाव घेते. वाटेत एक हलकी पाती आहे, ती या वाहणाऱ्या हवेनं ढकलली जाते, आणि तिलाच सुई जोडलेली. जितकी जोरात हवा वाहील तितकी सुई पुढं. उंची थांबली की वाहणं थांबलं आणि सुई शून्यावर आली.

थर्मासच का, तर बाहेरच्या तापमानानं आतली हवा फुगू-आकसू नये म्हणून. कॉकपिटवर ऊन येतं-जातं. साधी बाटली असती तर ढगाची सावली पडली तरी सुई हलली असती. पण एवढ्यानं भागत नाही. वर जाताना बाटलीतली हवा पसरते आणि पसरताना स्वतःच थंड होते, हे तुझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात आहेच. तेवढ्यानंही मापात फरक पडतो. म्हणून बाटलीत तांब्याच्या बारीक तारेचा गुंता कोंबतात, भांडी घासायला मिळतो तसाच. एवढ्या तारेत इतकी उष्णता साठलेली असते, की हवा थंड व्हायला लागली की ती लगेच भरून काढते. प्रॅक्टिकलला काय करावं असं तू पत्रात विचारलंयस. तार घालून आणि तार न घालता बाटलीतल्या दाबाचा आलेख काढ, फरक कागदावर दिसेल.

हल्लीच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक व्हेरिओंत बाटली नसते, दाब मोजणारी चिप असते. आपल्या बेळगावच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, एक मीटर वर गेलं की दाब अंदाजे ११ पास्कलनं कमी होतो. एकूण दाब नव्वद हजार पास्कलच्या घरात असताना त्यातले ११ ओळखायचे, तेही सेकंदाच्या आत.

चिकोडीहून एक तरुण इंजिनिअर: मी कॉम्प्युटरवर ग्लायडर सिम्युलेटर उडवतो. मॅकक्रेडीचा आकडा किती ठेवायचा हे कुणी नीट सांगत नाही. मला ४ मीटरचा थर्मल मिळाला तर ४ ठेवू का? आणि नेट्टो म्हणजे नेमकं काय?

पॉल मॅकक्रेडी हा अमेरिकन वैमानिक. १९५६ साली फ्रान्समधल्या जागतिक ग्लायडिंग स्पर्धेत तो अजिंक्य ठरला आणि पुढं १९७७ मध्ये माणसानं पायडल मारून उडवायच्या विमानाचं क्रेमर पारितोषिक त्याच्याच गॉसमर काँडॉरनं मिळवलं. त्याच्या नावाचं कडं व्हेरिओच्या डायलभोवती असतं; पुढच्या थर्मलमध्ये जो चढ मिळेलसं वाटतं तो आकडा त्यावर लावला, की किती वेगानं पळायचं ते कळतं. त्याचा हिशेब एका वाक्यात सांगता येतो. पुढचा थर्मल जितका चांगला मिळणार असेल, तितकं दोन थर्मलांच्या मध्ये वेगानं पळायला परवडतं, कारण गमावलेली उंची पटकन भरून येणार असते.

घोटाळा ‘पुढचा थर्मल’ आणि ‘४’ या दोन्ही शब्दांत आहे. तुमची सुई ४ ला पोचली ती वळणाच्या एका बाजूला, दोन-तीन सेकंद. दुसऱ्या बाजूला ती शून्याखाली गेली असेल. ताशी ९० वेगानं, ४० अंश झुकून वळलात तर एक फेरा १९ सेकंदांच्या आसपास होतो. त्यात सुई स्वतःच एक-दोन सेकंद उशिरानं बोलते, आणि दोन सेकंदांत तुम्ही ५० मीटर पुढं गेलेले असता. सुई जिथं सगळ्यात वर दिसली तिथं थर्मलचा गाभा नसतो, तो मागे राहिलेला असतो. नवशिके इथंच गाभ्याच्या पलीकडे सरकतात आणि मग थर्मल मोडला म्हणून हवेला दोष देतात.

म्हणून आकडा घ्यायचा तो अ‍ॅव्हरेजरचा. गेल्या २०-३० सेकंदांची सरासरी दाखवणारी ती छोटी खिडकी. मला विचाराल तर पॅनेलवर सर्वांत प्रामाणिक तीच. आणखी पक्कं हवं असेल तर थर्मलमध्ये शिरतानाची आणि सोडतानाची उंची, आणि लागलेला वेळ, असा साधा भागाकार करा. तीन मिनिटांत २७० मीटर मिळाले असतील तर थर्मल दीडचा. सुई चारवर नाचली तरी तो दीडचाच. शोधण्यात आणि मध्यावर यायला गेलेला वेळही यातच धरायचा, आणि तोच धरायला कुणाला आवडत नाही.

तर मॅकक्रेडी दीडला ठेवा, नाही तर एकला. आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तरी सरासरी वेगात फारसा फरक पडत नाही. पण चारवर ठेवून पळालात आणि पुढचा थर्मल लांब निघाला, तर चिकोडीच्या उसात उतरावं लागेल. ऊस हा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पाणी पाजलेल्या उसावर दुपारी थर्मल शोधू नये, ओली जमीन ऊन बाष्पात घालवते. ज्वारी काढून मोकळं पडलेलं रान, दगडाची खाण, पत्र्याच्या शेडा, कौलारू गावठाण, या बाजूला वळावं. तुमच्या सिम्युलेटरमध्ये ऊस आहे की नाही ते तुम्हीच बघा.

आता नेट्टो. टोटल एनर्जी व्हेरिओ ग्लायडरचं दाखवतो, नेट्टो हवेचं दाखवतो. ताशी १५० नं पळताना तुमचा ग्लायडर शांत हवेत सेकंदाला समजा २.२ मीटर घसरतो. सुई उणे १ दाखवते. म्हणजे हवा वर चाललीय, १.२ नं. नेट्टो हा १.२ थेट दाखवतो. वाचून हुरळायचं नाही मात्र, कारण थांबून वळायला लागलात की तुमचा ग्लायडर वळणातही घसरणारच, सेकंदाला नऊ-दहा दशांश मीटर तरी. हाती राहिले दोन-तीन दशांश, तेवढ्यासाठी थांबू नका. काही यंत्रांत ही वजाबाकी करून दाखवायची सोय असते, त्याला रिलेटिव्ह नेट्टो म्हणतात. मला तोच जास्त उपयोगी वाटतो.

शहापूरहून एक निवृत्त शिक्षक: ब्लानिक ग्लायडरचा ग्लाइड २८, म्हणजे एक मीटर उंचीत २८ मीटर अंतर, असं वाचलं. मग सांबऱ्यावर, बेळगावच्या विमानतळावर, १००० मीटर उंची असेल तर खानापूरला सहज जाता येईल? आणि यंत्रातला ग्लाइडचा आकडा मग कधी १२, कधी ६०, कधी नुसत्या रेघा का दाखवतो?

गुरुजी, सांबरा ते खानापूर सरळ रेषेत सुमारे २७ किलोमीटर. २८ नं भागलं की ९६५ मीटर. वहीत बरोबर. पण तो २८ आहे हवेतला, जमिनीवरचा नाही. ब्लानिक ताशी ९० च्या आसपास उडतो तेव्हा कुठं तो आकडा मिळतो, आणि तोही स्वच्छ पंखानं, शांत हवेत.

आता जूनमधली एखादी मोकळी दुपार घ्या. वारा नैऋत्येकडून, खानापूरही दक्षिण-नैऋत्येला. म्हणजे वारा बऱ्यापैकी तोंडावर. तोंडावरचा वेग ताशी ३० धरू. हवेत ९० नं उडताय, जमिनीवर ६० नंच सरकताय. सेकंदाला होणारी घसरण तेवढीच. २८ चा झाला १८ आणि काही. खानापूर गाठायला आता १४०० मीटरच्या वर लागतील, आणि तिथं पोचून मैदान बघून उतरायला २००-३०० हातात ठेवायचे ते वेगळे. तोंडावर वारा असताना वेग थोडा वाढवला तर हिशेब जरा सुधारतो, पण १००० मीटरवर निघालेल्याला त्यानं खानापूर दिसणार नाही. परतीला तोच वारा पाठीवर, तेव्हा ३७ चा ग्लाइड बघून ब्लानिकचं कौतुक करू नये, ते वाऱ्याचं.

यंत्रातला आकडा नाचतो कारण तो जीपीएसवरून त्या क्षणाचा जमिनीवरचा वेग आणि त्या क्षणाची घसरण यांचा भागाकार असतो. घसरणाऱ्या हवेत १२, जराशा चढत्या हवेत ६०. ग्लायडर वर चालला असेल तर भागाकाराला अर्थच नाही, मग रेघा. मी तर म्हणेन तो आकडा स्क्रीनवरून काढूनच टाकावा. त्यापेक्षा यंत्र दाखवतं ती ‘पोचतानाची उंची’ बघा, म्हणजे इथून आत्ताच्या वाऱ्यात गेलो तर मुक्कामी किती मीटर शिल्लक राहतील. ती दर मिनिटाला वाढतेय की कमी होतेय एवढंच पुरे. उणे झाली आणि कमीच होत चालली, तर खालची शेतं निवडायला लागायचं, सुईशी वाद घालत बसायचं नाही.

एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. मे महिन्यात वळवाचे ढग बांधले गेले की त्यांच्या खाली सुई वरच्या टोकाला चिकटते. पोचतानाची उंचीही बघता बघता वाढते आणि माणसाला वाटतं आज खानापूरच काय, लोंढाही गाठू. त्या ढगाखालून निघायचं, आणि वेळ असताना निघायचं. आत ओढला गेलेला ग्लायडर कोणत्याच आकड्याला जुमानत नाही.

येळ्ळूरहून एक वाचक: पॅराग्लायडरवाले पिप-पिप करणारा छोटा व्हेरिओ लावतात. तो घेऊन राजहंसगडावरून सुरुवात करता येईल का?

पिपाट्या घ्या, हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. राजहंसगडावरून मात्र नको. आधी कामशेतला रीतसर शिका, मग गडाकडे बघा. पिपाटीबद्दल एवढंच, की तिच्या आवाजावर उडताना डोळे बाहेर राहतात, आणि एकाच थर्मलमध्ये चार जण फिरत असताना ते बाहेर असायलाच हवेत. गाडीचं दार आपटलं तरी ती पिपकते म्हणून कंपनीला फोन करू नका. बंद गाडीत दार लावलं की आतल्या हवेवर क्षणभर दाब येतो आणि लगेच उतरतो. उतरणारा दाब म्हणजे तिच्या लेखी चढ.

हुक्केरीहून एक विद्यार्थी: सर, एका व्हिडिओत चढ २ दाखवतो, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ४००. तिघंही म्हणतात थर्मल सारखाच. कोण खरं?

तिघंही. पहिला मीटर प्रति सेकंद, दुसरा नॉट, तिसरा फूट प्रति मिनिट. मीटरची दुप्पट केली की नॉट आणि नॉटला शंभरनं गुणलं की फूट, उडताना एवढा हिशेब पुरतो. नव्या ग्लायडरमध्ये बसलास की आधी डायलवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. नॉटचा ४ मीटर समजून मॅकक्रेडी लावलास तर वरच्या चिकोडीकरांच्या शेजारच्या फडात उतरशील.